रकान्याबाहेरची बाई

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये बेकेट स्ट्रीटच्या एका बाजूला सेंट जेम्स हे अवाढव्य रुग्णालय आहे आणि दुसऱ्या बाजूला १८४५ साली उघडलेली नगरपालिकेची जुनी दफनभूमी. रुग्णालयात एका ओळखीच्या बाईंना भेटून मी बाहेर पडले. बसला अवकाश होता, पाऊस नुकताच थांबला होता, म्हणून रस्ता ओलांडून आत शिरले. ओल्या गवताचा आणि कुजलेल्या पानांचा वास येत होता. थोडे चालल्यावर सारख्याच मापाच्या दगडांची एक रांग लागली. कोळशाच्या धुराने काळवंडलेले ते दगड एकमेकांना जवळजवळ खेटून उभे होते. त्यांतल्या एकावर बरीच नावे होती, म्हणून मला वाटले की हे एकच कुटुंब असणार. पण आडनावे सगळी वेगळी निघाली. सर्वांत वर साठ वर्षांच्या एका बाईचे नाव, त्याखाली काही आठवड्यांचे एक मूल, त्याखाली एक तरुण, मग पुन्हा एक मूल. तारखा पाहिल्या तर सगळ्या १८८४ च्या एकाच वसंत ऋतूतल्या, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने. दगडाला वळसा घालून मागे गेले, तर तिकडेही तशीच यादी कोरलेली होती.

या कबरींना इथे 'गिनी ग्रेव्ह' म्हणतात. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. ज्यांना स्वतःच्या मालकीची कबर परवडत नसे आणि ज्यांना दानधर्माच्या बेनाव खड्ड्यात जायचे नसे, त्यांच्यासाठी काढलेली ही मधली वाट होती. खोल कबर, तिच्यात अनोळखी माणसे एकावर एक, पण वरच्या सामाईक दगडावर प्रत्येकाचे नाव, वय आणि तारीख. घरी आल्यावर, कणीक मळताना, ती बाई आणि तिच्या खालचे ते मूल डोक्यातून जाईनात. ती कोणाच्या आधी गेली आणि कोणाच्या नंतर, हे मला दिवसांच्या हिशेबाने कळले होते. ती कशी जगली याचा मात्र एक अक्षराचाही पत्ता नव्हता. तिचे नाव मी इथे लिहिणार नाही. तिच्या वंशातले कोणी याच शहरात राहत असेल, आणि ते नाव शोधण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे, असे मला वाटते.

त्यानंतर मी तिला शोधू लागले.

इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचे नाव नोंदले जाऊ लागले ते १८४१ पासून, आणि ती पाने शंभर वर्षांनी खुली होतात. म्हणून मृत्यूपासून मागे मागे जायचे, अशी या कामाची रीत आहे: आधी १८८१, मग १८७१, मग १८६१. पडद्यावर पिवळसर पान उघडले की आधी अक्षराची ओळख करून घ्यावी लागते. ते अक्षर घरातल्या माणसाचे नसते. प्रगणक घरोघर कोरा तक्ता ठेवून जाई, जनगणनेची रात्र उलटल्यावर तो गोळा करी, ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा स्वतः भरून घेई, आणि मग सगळे आपल्या वहीत उतरवून काढी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले ते मूळ घरगुती तक्ते पुढे नष्ट केले गेले. उरल्या त्या वह्या. १८९१ पर्यंत प्रगणक म्हणून स्त्रियांना नेमतच नसत. म्हणजे माझी ही बाई दारात उभी राहून जे बोलली, किंवा तिच्या वतीने तिचा नवरा जे बोलला, ते एका पुरुषाने ऐकले, दुसऱ्यांदा उतरवले, आणि मग लंडनच्या कचेरीतल्या कारकुनांनी बेरजा करताना त्यावर जाड पेन्सिलीने बरोबरच्या खुणा ओढल्या. वयाच्या आकड्यावर नेमकी अशी एखादी खूण आली की तो आकडा तीन आहे की आठ, हे ठरवताना डोळ्यांतून पाणी येते. इतक्या हातांतून गेलेल्या ओळीला तिची ओळ म्हणायचे का, असा प्रश्न मला पहिल्याच संध्याकाळी पडला होता आणि तो अजून सुटलेला नाही.

१८४१ ची वही पेन्सिलीने लिहिलेली आहे आणि पुष्कळ ठिकाणी पुसट झालेली आहे. त्या वर्षी पंधराच्या वरच्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची होती, त्यामुळे सतराची मुलगी तिथे पंधराची दिसते. होलबेक या गिरण्यांच्या वस्तीत ती आईबापांजवळ राहत होती. पुढच्या जनगणनांत दहा वर्षांनी तिचे वय दहाने वाढावे, पण तसे होत नाही. १८६१ मध्ये ती चौतीस वर्षांची आहे आणि १८७१ मध्ये बेचाळीस. मग १८८१ मध्ये एकदम छप्पन्न! प्रथम मला हसू आले. मग लक्षात आले, की बेचाळीस वर्षांच्या त्या नोंदीसमोर 'विधवा' असे लिहिलेले आहे, पदरात लहान मुले आहेत, आणि पोट गिरणीच्या मुकादमाच्या मर्जीवर आहे. अशा बाईने वयातली चार-पाच वर्षे कमी करून सांगितली असतील, किंवा तिचे खरे वय तिलाच नेमके ठाऊक नसेल. दोन्ही शक्य आहे, आणि यातले एक निवडून त्यावर कथा रचण्याचा मोह फार मोठा आहे. दस्तऐवज वाचणाऱ्याने तो आवरायला हवा, असे मी स्वतःला बजावते. नेहमी जमतेच असे नाही.

तिच्या कामाबद्दल मात्र वही चांगली बोलते, पण तीही मधूनमधूनच. मुलगी असताना तिच्यासमोर जवसाच्या तंतूंच्या, म्हणजे लिननच्या गिरणीतले काम नोंदलेले आहे. होलबेकमध्ये तेव्हा मार्शल यांच्या गिरण्यांचा दबदबा होता. १८४० च्या सुमारास त्यांनी बांधलेल्या एका गिरणीचा दर्शनी भाग इजिप्तमधल्या देवळासारखा आहे, आणि आतली हवा दमट राहावी म्हणून तिच्या छपरावर माती टाकून गवत लावले होते, ज्यावर मेंढ्या चरत. ही मेंढ्यांची गोष्ट लीड्समध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. छपराखालची गोष्ट कमी सांगितली जाते. जवसाचा बारीक धागा काढायचा तर तंतू गरम पाण्यातून न्यावे लागत; फिरत्या चात्यांवरून त्या पाण्याचे तुषार सतत उडत, आणि समोर उभ्या असलेल्या मुलींचे कपडे अंगापर्यंत भिजत. दिवसभर त्या वाफेत उभे राहायचे आणि सुटी झाली की त्याच ओल्या कपड्यांनी यॉर्कशरच्या थंडीत घरी चालत जायचे. जनगणनेच्या पानावर याचे झाले दोन शब्द, तेही संक्षेपाने लिहिलेले.

लग्नानंतर, १८५१ मध्ये, तिच्या धंद्याच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. त्याच घरात, त्याच पानावर, तीन पुरुष 'लॉजर' म्हणून राहत आहेत. तिघेही मजूर, तिघांपैकी कोणाचेही आडनाव घरातल्यांशी जुळत नाही. म्हणजे नवरा, मूल आणि हे तिघे, इतक्यांचा स्वयंपाक, इतक्यांचे धुणे, पहाटे चुलीतली राख काढून पुन्हा कोळसा पेटवणे आणि सार्वजनिक नळावरून पाणी भरून आणणे, हे सगळे तिच्या अंगावर होते, आणि त्याचे भाडे घरात रोख येत होते. तक्त्यावरची सूचना अशी होती की घरकामाखेरीज इतर काम ज्या स्त्रिया नियमितपणे करतात त्यांचाच धंदा स्पष्ट नोंदवावा. हंगामी शिवण, शेजारणीचे मूल सांभाळणे, आठवड्यातून एखादा दिवस दुसऱ्याच्या घरची फरशी घासणे, यांतले काही नियमित ठरत नसे. १८८१ च्या वर्गवारीत तर घर सांभाळणाऱ्या बायकांना सरळ 'बिनकामाच्या' गटात टाकले गेले. माझा अनुभव असा, की बाईचे काम तिच्या स्वतःच्या रकान्यात शोधू नये. ते वरखालच्या ओळींत, दुसऱ्यांच्या नावांसमोर सापडते. भाडेकरू किती, मुले किती, अंथरुणाला खिळलेली सासू कोणाकडे आहे, हे मोजले की त्या रेघेचे वजन कळते.

मुलांच्या जन्मगावांच्या रकान्याचेही तसेच आहे. तो रकाना तिच्याबद्दल नाही, पण तिच्या पायांचा माग त्याच्याइतका दुसऱ्या कशानेच लागत नाही. थोरली मुलगी होलबेकची, मधला मुलगा बार्न्सलीचा, धाकटा पुन्हा होलबेकचा. बार्न्सलीत लिननच्या विणकरांची मोठी वस्ती होती. नवऱ्याचे काम सुटले असेल किंवा तिकडे चार पैसे जास्त मिळत असतील, पण बिऱ्हाड पाठीवर घेऊन हे कुटुंब तिकडे गेले आणि परत आले, एवढे नक्की. त्या वेळी ती गरोदर होती, हेही नक्की. जनगणनेने तिला याबद्दल काहीही विचारले नव्हते.

पण सर्वांत मोठी फसवणूक दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत होते. १८५३ साली जन्मलेले मूल १८५९ मध्ये दगावले, तर ते कुठल्याच जनगणनेत दिसत नाही. १८५१ च्या पानावर ते अजून आलेले नसते आणि १८६१ च्या पानावर ते गेलेले असते. दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली तर भावंडांच्या वयांत एक मोठी फट दिसते, एवढेच. ती फट पाहून दफनाच्या वह्या काढायच्या. या वह्यांत नाव, राहण्याचे ठिकाण, दफनाची तारीख आणि वय असे मोजकेच असते, काही दफनभूमींत बापाचे नाव आणि धंदाही असतो. पान उलटत जाताना वयाच्या रकान्याकडे पाहणे मला जड जाते. तीन आठवडे, चौदा महिने, दोन वर्षे, सहा दिवस, मग एखादा प्रौढ माणूस, आणि पुन्हा महिने. गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट ताप, उन्हाळ्यातली हगवण यांनी गिरण्यांच्या वस्त्यांतली मुले अशी ओळीने जात. तिची दोन मुले मला या वह्यांत सापडली. सापडल्यावर क्षणभर आनंद झाला, आणि त्या आनंदाची नंतर बराच वेळ लाज वाटत राहिली. शोधणाऱ्याला दुवा मिळालेला असतो. तो दुवा म्हणजे एका बाईच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस असतो.

तिच्या स्वतःच्या हाताची खूण मला एकाच जागी भेटली.

तिचे लग्न लीड्सच्या पॅरिश चर्चमध्ये झाले होते. तिथल्या विवाहाच्या मूळ नोंदवहीत नवऱ्याने सही केली आहे, प्रत्येक अक्षर वेगळे, एखाद्या पोराने काढावे तसे. तिच्या नावासमोर पाद्र्याने तिचे नाव लिहून मध्ये जागा सोडली आहे आणि त्या जागेत एक फुली आहे. फुलीचा पहिला फराटा ठाम आहे, दुसरा शेवटी थरथरला आहे, आणि तिथे शाईचा एक लहान ठिपका पडला आहे. मुलांच्या मृत्यूच्या दाखल्यांवरही 'अमुकीची खूण' म्हणून फुली येते, कारण मरणाच्या वेळी हजर असलेली आणि नोंद करायला गेलेली तीच होती. पण आपल्याला टपालाने येतो तो नोंदीचा उतारा, त्यावरची फुलीही कारकुनानेच काढलेली. म्हणून लग्नाच्या वहीतली ती फुली मी पुन्हा पुन्हा मोठी करून पाहिली आहे. १८८४ मध्ये तिच्या मृत्यूची खबर देणारी थोरली मुलगी मात्र सही करू शकत होती. दाखल्यावर मृत बाईच्या धंद्याच्या जागी 'अमक्या मजुराची विधवा' असे आहे. आधीच्या दोन जनगणनांत ती गिरणीत आणि नंतर लोकांच्या घरी घासपुसीचे काम करून जगत होती, नवरा जाऊन पंधरा वर्षे उलटली होती, तरी मरताना तिचा धंदा नवऱ्याचाच राहिला.

आता त्या गिनीकडे येते. गरीब घरांतून दर आठवड्याला एक पेनी दफनाच्या विम्यासाठी बाजूला पडत असे; कंपनीचा माणूस दारावर येऊन ती घेऊन जाई. पोटाला चिमटा घेऊन मेल्यानंतरची सोय करणाऱ्या या लोकांना तेव्हाच्या सुधारकांनी पुष्कळ उपदेश केले. त्यांना वेड्यात काढणे सोपे आहे, पण १८३२ च्या अॅनाटमी अॅक्टने वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवण्याच्या घरात, मेलेल्या आणि कोणी दावा न केलेल्या माणसांची प्रेते वैद्यकीय शाळांना विच्छेदनासाठी देण्याची मुभा दिली होती, हे लक्षात घेतले की त्या पेनीचा अर्थ बदलतो. लीड्सचे वर्कहाउस १८६१ मध्ये बेकेट स्ट्रीटवरच आले, दफनभूमीच्या समोर. वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या विधवेला रस्त्याच्या या बाजूची आणि त्या बाजूचीही वाट ठाऊक होती. माझ्या या बाईला त्या दारातून आत जावे लागले नाही, किंवा गेली असेल तर निदान तिथे मेली नाही. मुलीच्या घरी मेली, आणि कोणीतरी एकवीस शिलिंग मोजले. ते कोणी मोजले याची पावती कुठेही नाही. मुलगी तेव्हा शिवणाच्या कारखान्यात मशिनवर होती. लिननचा धंदा बसत चालला होता, मार्शलांच्या गिरण्या १८८६ मध्ये बंदच पडल्या, आणि त्या गिरण्यांतल्या बायकांच्या मुली तयार कपड्यांच्या कारखान्यांत भरती होत होत्या. माझा अंदाज या मुलीवर आहे. तो अंदाज म्हणूनच लिहिते.

नाव कोरण्याइतकेही पैसे नसले म्हणजे काय होते, हे पाहायला अप्रसिद्ध बाईच हवी असे नाही. लंडनच्या बो भागात ब्रायंट अँड मे या काड्यापेटीच्या कारखान्यातल्या बायकामुलींनी जुलै १८८८ मध्ये संप केला, तेव्हा सुमारे चौदाशे जणी बाहेर पडल्या होत्या. त्याआधी जूनमध्ये त्यांच्या हलाखीवर लेख लिहिणाऱ्या अॅनी बेझंट यांना आपण ओळखतो, कारण पुढे त्या हिंदुस्थानात आल्या, होमरूलच्या झाल्या आणि काँग्रेसच्या अध्यक्षही झाल्या. त्यांना भेटायला गेलेल्या कामगार बायकांत सारा चॅपमन होती. १८८१ च्या जनगणनेच्या वेळी तीही आई आणि बहिणीबरोबर काड्यापेटीच्याच कामावर होती. संपानंतरच्या संघटनेची ती पदाधिकारी झाली, ट्रेड युनियन काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून गेली. १८९१ मध्ये तिचे लग्न झाले, आडनाव बदलले, आणि इतिहासातून ती जवळजवळ नाहीशी झाली. १९४५ मध्ये ती वारली तेव्हा मॅनर पार्कच्या दफनभूमीत इतर अनोळखी माणसांबरोबर, दगडाविना, सामाईक कबरीत तिला ठेवले गेले. तिच्या पुढच्या पिढ्यांतल्या एका नातीने हेच जनगणनेचे आणि दफनाचे कागद जुळवून ती जागा अलीकडे शोधून काढली. संपाबद्दल लिहिणाऱ्या बाईंचे चरित्र शाळेच्या पुस्तकात येते आणि संप करणारीची कबर तिच्या वंशजांना कागदांवरून हुडकावी लागते, याचा मला राग येतो. पण बेझंट यांनी लिहिले नसते तर सारा चॅपमनचे नाव कोणाला शोधावेसे वाटले असते का, हाही प्रश्न आहेच.

हे सगळे शोधताना एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. ३ एप्रिल १८८१ रोजी इंग्लंडची जनगणना झाली, आणि त्याच साली १७ फेब्रुवारीला, त्याच राणीच्या नावाने, हिंदुस्थानभर एकाच वेळी शिरगणती झाली. माझी खापरपणजी तेव्हा सातारा जिल्ह्यात कुठल्यातरी घरात मोजली गेली असणार. पण आपल्याकडचे घरोघरचे तक्ते बेरजा झाल्यावर ठेवले गेले नाहीत. जिल्ह्याच्या एकूण आकड्यात ती एक आहे आणि त्या आकड्यातून तिला बाहेर काढता येत नाही. तिचे दहन झाले, त्यामुळे दगडही नाही. सासरी आल्यावर नाव बदलले, त्यामुळे माहेरचे नाव कोणाला माहीत नाही. लीड्सच्या परक्या बाईने वय किती वर्षांनी चोरले हे मला ठाऊक आहे आणि माझ्या स्वतःच्या खापरपणजीचे नाव ठाऊक नाही. समुद्र ओलांडून इथे आलेल्या आपल्याकडच्या बायकांचेही फारसे वेगळे झाले नाही. साहेबांची मुले सांभाळत बोटीने येणाऱ्या आया जहाजांच्या याद्यांत पुष्कळदा मालकाच्या आडनावाने नोंदल्या आहेत, त्यांचे स्वतःचे नाव नाहीच. काम सुटल्यावर परतीची वाट पाहत त्यांतल्या काही लंडनमध्ये आधी ऑल्डगेटच्या आणि १९०० पासून हॅकनीच्या 'आया होम'मध्ये राहिल्या. हॅकनीच्या त्या घरावर २०२२ मध्ये, ऐतिहासिक जागांवर लावतात ती निळी पाटी लागली. पाटी घराची आहे.

थोरल्या मुलीचा माग मी १९११ पर्यंत नेला. त्या वर्षी मताधिकारासाठी भांडणाऱ्या अनेक स्त्रियांनी जनगणनेवर बहिष्कार टाकला होता आणि मोजले जाऊ नये म्हणून रात्र बाहेर काढली होती. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन तर पार्लमेंटच्या इमारतीत लपून राहिली. ते धाडस मला मान्य आहे, पण ज्यांना साठ वर्षे कोणी नीट मोजलेच नाही त्यांच्या मुलींपैकी फार थोड्यांना त्या रात्री घराबाहेर राहणे परवडले असेल. १९११ चे घरगुती तक्ते जपले गेले आहेत, म्हणून या मुलीचे अक्षर मला पाहायला मिळाले. ते उजवीकडे झुकलेले आणि स्वच्छ आहे. त्या वर्षी प्रथमच लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, त्यांतली किती हयात आहेत आणि किती वारली, असे विचारले होते. प्रश्न फक्त नवरा असलेल्या बायकांसाठी होता, विधवांसाठी नव्हता. तिचा नवरा वारला होता, तरी तिने चारही रकाने भरले: तेहेतीस, नऊ, पाच, चार. कचेरीतल्या कारकुनाने नियमाप्रमाणे त्या आकड्यांवर लाल शाईने रेघ मारली आहे, पण खालचे आकडे स्पष्ट वाचता येतात. चारांपैकी तीन मुले मला दफनाच्या वह्यांत मिळाली आहेत, दोन बेकेट स्ट्रीटला आणि एक हन्सलेटला. चौथ्यासाठी आता १८७९ ते १८८१ ची पाने पाहायची आहेत, कारण भावंडांच्या वयांत फट तिथेच पडते.